शिका म्हणजे शिका

नागोयात आम्ही चार वर्षं होतो, आणि त्यांतला काही काळ आमच्या घरात काय शिजायचं आणि काय नाही, हे मी ठरवत होते. आईला हे वाचून हसू येईल, पण गोष्ट खरी आहे. पाकिटामागचं वाचता येणारी घरात मी एकटी होते. बाबा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत पुण्याहून आले होते. ऑफिसात त्यांचं इंग्रजीवर भागायचं, आईचं बाहेर हातवाऱ्यांवर. मला मात्र घरामागच्या साध्या जपानी शाळेत घातलं होतं आणि वर्षाच्या आत माझी जीभ वळली. शनिवारी आम्ही तिघं सुपरमार्केटात जायचो. बाबा एकेक वस्तू उचलायचे, उलटी करायचे आणि माझ्यासमोर धरायचे. "रेवा, बघ गं. मासा आहे का? अंडं?" जपानात मासा कुठे नसतो! सॉसमध्ये असतो, मुळ्याच्या लोणच्यात असतो, दिसायला अगदी सोवळ्या अशा तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांतसुद्धा असतो. मी बारीक अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि "आहे" किंवा "नाही" म्हणायचे. त्या एका शब्दावर ती वस्तू टोपलीत तरी जायची, नाहीतर परत फळीवर. आई कधीकधी म्हणायची, "नीट बघ हं," तर बाबा म्हणायचे, "रेवाने वाचलं ना? मग झालं."

एकदा त्या चकत्यांच्या पाकिटावर कात्सुओ, म्हणजे सुकवलेला मासा, असं स्पष्ट लिहिलेलं असताना मी "नाही" म्हणाले होते. मला भूक लागली होती, आणि वर्गातल्या मुली त्या खायच्या. घरी आल्यावर बाबांनीही दोन खाल्ल्या आणि "छान आहेत की" म्हणाले. तेव्हा मला गंमत वाटली. पुढचं सगळं त्या चकत्यांपासून सुरू झालं असं म्हणणं सोयीचं आहे, पण एवढ्या उशिरा लिहायला बसल्यावर सोयीचं कशाला लिहू? चकत्यांच्या वेळी मी भुकेली होते. पुढच्या वेळी मला भूक नव्हती.

बाबांचं न खाणं हे सोवळ्याओवळ्याचं नव्हतं. लहानपणी मामाच्या मळ्यात त्यांनी बेचकीने झाडावरचा एक होला पाडला होता. तो खाली पडल्यावर लगेच मेला नाही आणि पुढे काय करायचं हे त्यांना कळेना, एवढीच गोष्ट. ती ते हसत सांगायचे, पण शेवटी नेहमी हातरुमाल काढायचे. तेव्हापासून त्यांच्या हातून काही मरू नये याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. आई त्यांना "आमचे महाराज" म्हणायची. आमची बिल्डिंग म्हणजे सरकारी वसाहतीतल्या एकसारख्या बारा इमारतींपैकी सातवी. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि उन्हाळ्यात बोटाएवढी झुरळं. बाबा ती कागदावर घेऊन चार मजले उतरायचे आणि खालच्या हिरवळीत सोडून यायचे. एका संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची बाई भेटली, तिने कागदावरचं बघून किंकाळी फोडली, आणि बाबांनी मला हाक मारली. "रेवा, यांना सांग, मी मारत नाही, बाहेर सोडतो." मी सांगितलं. बाईंचा मुलगा माझ्याच शाळेत होता. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात 'गोकिबुरी' झाले, म्हणजे झुरळ. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. बाबा तोंड उघडून तत्त्वाचं काही बोलायला लागले, की मी बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकायचे.

घरात बाबांची पेटी होती. विमानात ती मांडीवर घेऊन आले होते म्हणायला हरकत नाही, इतकी तिची काळजी. संध्याकाळी पाच वाजता वसाहतीच्या भोंग्यावर मुलांनी घरी जावं म्हणून एक सुरावट वाजायची. मग रताळी भाजून विकणाऱ्याची गाडी लांब आवाज काढत जायची, आईच्या कढईत लाल भोपळ्याची फोडणी पडायची, आणि सहा ते सात बाबांची पेटी. ही एक तास वाजवायची परवानगी आम्हाला ओकुदा-सान यांनी मिळवून दिली होती. ते तळमजल्यावर राहायचे. बायको वारलेली, नोकरीतून निवृत्त, वसाहतीच्या समितीचे प्रमुख. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळ्यांसाठी हिरवी जाळी घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. कुठला कचरा जळणारा, कुठला न जळणारा, हे आईला त्यांनीच शिकवलं, तेही एकदाही न रागावता. तिसऱ्या मजल्याने पेटीबद्दल तक्रार केली, तेव्हा ते सभेत म्हणाले होते, की मुलं पियानो वाजवतात तसंच हे. त्या वसाहतीत आमच्या बाजूने बोललेला तो एकमेव माणूस. आई त्यांना 'खालचे आजोबा' म्हणायची. आमचं सबनीस हे नाव त्यांच्या तोंडी 'साबुनीसु' व्हायचं आणि मी 'रेबा-चान'.

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी ते वर आले. दारात त्यांना बघून आईने आधी फोडणीचा गॅस बंद केला, कारण तिला वाटलं वासाची तक्रार असणार. पण ते बसले, चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "साबुनीसु-सान, मागच्या महिन्यात तुमच्या पेटीतला एक सूर आठ दिवस नव्हता. मग परत आला." मी बाबांना सांगितलं, तर बाबा खुर्चीतच सावरून बसले. खरंच पावसाळी हवेने पेटीतली एक पट्टी चिकटली होती आणि बाबांनी ती काढून, साफ करून परत बसवली होती. आठ दिवस एक सूर नव्हता हे घरात आईच्याही लक्षात आलं नव्हतं. ओकुदा-सान पुढे म्हणाले, "म्हणजे घरात दुरुस्त करणारं माणूस आहे." आणि त्यांनी खिशातून हातरुमालाची घडी काढून टेबलावर उलगडली. आत बोटभर लांबीची एक लाकडी शिट्टी होती, हाताळून काळी पडलेली, तोंडाशी पितळेची बारीक पट्टी. ती त्यांच्या वडिलांनी केलेली होती. "शिका-बुए," ते म्हणाले. बुए म्हणजे बासरी किंवा शिट्टी. फुंकर मारली की पट्टी चिकटून बसते, आवाजच निघत नाही. त्यांच्या गावाकडे डोंगरात हरणं फार झाली आहेत, कोबी खातात, भात खातात, रोपं सोलतात. गावातली म्हातारी मंडळी शिकारीचा परवाना काढून दर हिवाळ्याच्या तोंडावर डोंगरात जातात, आणि ते त्यांच्यात असतात. या शिट्टीने नराला बोलावतात.

शिका म्हणजे हरीण हे मला शाळेत पहिल्याच वर्षी कळलं होतं. बाबांना कळलं नव्हतं. ते त्या शब्दावरच अडकले.

"शिका? शिका म्हणाले ना ते?"

"हो."

"म्हणजे शिकण्याची बासरी? लहान मुलांना शिकवायची?"

बाबांनीच ते उत्तर माझ्या हातात दिलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि पुढे काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. बाबा हात जोडतील. मला सांगायला लावतील की माझ्या हातून हे होणार नाही, प्रत्येक जीव वगैरे वगैरे. होल्याची गोष्ट निघेल. आमच्या बाजूचा एकुलता एक माणूस ती शिट्टी परत रुमालात गुंडाळेल, आणि मी पुन्हा जिन्यातली झुरळवाली होईन. मी म्हणाले, "हो बाबा. मुलांना शिकवायची. त्यांच्या गावातल्या."

बाबांचा चेहरा असा फुलला, की तो आजही माझ्यासमोर येतो आणि मी दुसरीकडे बघते. "बघ!" ते आईला म्हणाले. "कुठे पुणं, कुठे जपान. शिका म्हणजे शिका!" आणि त्यांनी ओकुदा-सानना मान लववून जपानीत हो म्हटलं, "हाय, हाय. शिका." ओकुदा-सानही आनंदले. बाबांना शब्द कळला आहे आणि तरी त्यांनी होकार दिला आहे, असं त्यांना वाटलं. मधे बसलेल्या मला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि मी चहात बिस्किट बुडवत होते.

तीन संध्याकाळी बाबा त्या शिट्टीवर बसले. पेटीसुद्धा उघडली नाही. खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरायचं, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवायचा, आणि मी शेजारी बॅटरी धरून. पट्टी बारीक खिळ्याने लाकडावर बसवलेली होती. ती सोडवली, तर खाली वर्षानुवर्षांच्या थुंकीचा आणि धुळीचा हिरवट थर. आईने पुण्याहून आणलेली चिंच ती पाहुण्यांनाही मोजून घालायची. तिच्यातलं एक बोटूक मागून घेतलं, कोमट पाण्यात कोळलं आणि पट्टी त्यात टाकली. पितळ उजळल्यावर पट्टीच्या एका कडेला नखाला जाणवेल न जाणवेल असा खरखरीतपणा लागला. "हा बघ चोर," बाबा म्हणाले. "ही कड लाकडाला घासते, फुंकरेची ओल आली की तिथे चिकटते." ती कड त्यांनी बारीक कानशीने दोन-तीनदा पुसली, पट्टी परत बसवताना खाचेच्या अगदी मधोमध घेतली, आणि आपलं व्हिजिटिंग कार्ड कापून त्याची पट्टी खालून सरकवून बघितली. कुठे अडते का, सारखी फिरते का. मग टोक केसभर वर उचललं. "सूर मेलेला नसतो गं," ते म्हणाले, "अडकलेला असतो. जोर लावायचा नाही, वाट करून द्यायची."

मग फुंकर मारली. आधी नुसती कण्हल्यासारखी निघाली, आणि एकदम लांब, वर चढून खाली मोडणारा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. बाबा खूष, पण त्यांना अजून समाधान नव्हतं. "त्यांना विचारून ये, सूर कसा हवा. शिकवायचं तर नीट हवा." मी खाली गेले. ओकुदा-सान म्हणाले, "एकट्याचा वाटला पाहिजे. ऐकणाऱ्याला लपलेल्या जागेतून बाहेर यावंसं वाटलं पाहिजे." हे मात्र मी वर येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं तेवढंच एक खरं भाषांतर. बाबांनी हातातली कानशी खाली ठेवली. "काय माणूस आहे," ते म्हणाले. मग पट्टीच्या मुळाशी अगदी हलक्या हाताने खरवडत, फुंकत, पुन्हा खरवडत त्यांनी तो आवाज थोडा खाली आणला, कोमल गंधाराच्या आसपास कुठेतरी. माझ्या वडिलांनी इतकं मन लावून केलेलं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

गणपतीला नागोयातली पाच-सात मराठी कुटुंबं एका हॉलमध्ये जमली होती. तिथे बाबांनी 'शिका म्हणजे शिका' सगळ्यांना सांगितलं. सगळे आमच्यासारखेच नवे, सगळे हसले. मी प्रसादाच्या वाट्या मांडत होते, त्या पुन्हा पुन्हा मांडत राहिले.

डिसेंबरच्या सुरुवातीला ओकुदा-सान पुन्हा वर आले. या वेळी कोट घालून, केस पाण्याने बसवून. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, जाड सुतळीने चौकोनी बांधलेलं पुडकं होतं, वर फुलासारखी गाठ. त्यांनी ते दोन्ही हातांनी बाबांपुढे धरलं. "मोमिजी देस," ते म्हणाले. मांस हा शब्द बाबांना चांगला ठाऊक होता, शाकाहारी माणूस जपानीत पहिला शिकतो तो शब्द तो. पण मोमिजी म्हणजे शरदातली ती लाल पानं. महिनाभर ऑफिसात सगळे मोमिजी बघायला चला म्हणत होते. डोंगराकडची माणसं हरणाच्या मांसालाही त्याच नावाने हाक मारतात, हे बाबांना कुठून कळणार? "मोमिजी!" बाबा आनंदाने म्हणाले. त्यांनी पुडकं दोन्ही हातांत घेतलं, आणि आपण देवळातून मिळालेलं काही घेतो तसं ते कपाळाला लावलं. डोळे मिटून, सावकाश.

ओकुदा-सान ते बघत राहिले. मग ते इतके खाली वाकले, की मला त्यांच्या डोक्याचा विरळ मागचा भाग दिसला. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, "वडिलांना सांग. वीस पावलांवर आला. थांबून ऐकत होता. इतका जवळ माझ्या वडिलांनाही कधी आला नव्हता."

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"शिट्टी छान वाजते म्हणाले. मुलं ऐकत राहतात."

"आणि यात काय आहे?"

मी वर्तमानपत्रावर कुठेच नसलेलं काहीतरी वाचल्यासारखं केलं. "पानांच्या आकाराची मिठाई. पण अंडं आहे, बाबा. आपल्याला नाही चालणार."

"अरेरे," बाबा म्हणाले. "शाळेत मैत्रिणींना दे मग. वाया नको घालवू." आईने डब्यात घरचा चिवडा भरून ओकुदा-सानना दिला. ते डबा छातीशी धरून जिना उतरले.

पुडकं थंड होतं आणि वजनदार, आतून मऊ. मी ते गॅलरीत बादलीखाली ठेवलं. तीन दिवस थंडी इतकी होती की वास आला नाही. मंगळवारी सकाळी मी आपणहून कचरा खाली नेते म्हणाले. आईला माझं कौतुक वाटलं. नियमाप्रमाणे पिशव्या पारदर्शक असायच्या, म्हणून मी पुडक्याभोवती कोबीची पानं आणि चहाचा चोथा घातला होता. खाली ओकुदा-सान जाळी धरून उभे होतेच. सगळ्यांची घ्यायचे तशी त्यांनी माझ्याही हातातून पिशवी घेतली आणि घेता घेता थांबले. कोबीच्या पानांतून सुतळीची ती गाठ वर आली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी हातातल्या हातात फिरवली, गाठीची बाजू खाली जाईल अशी ठेवली, तिसऱ्या मजल्यावरची बाई मागून येत होती तिला दिसू नये म्हणून, आणि वर जाळी ओढली. "इत्तेराश्शाइ," म्हणाले. शाळेत जाणाऱ्याला म्हणतात तसं, जाऊन ये. रोज म्हणायचे तसंच.

मी शाळेत गेले. त्या दिवशी गणिताची चाचणी होती आणि मला चांगले गुण मिळाले, हेही आठवतं. माणूस असा असतो की मीच अशी होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ओकुदा-सान त्यानंतर वर आले नाहीत. चिवड्याचा डबा धुऊन, आत चार संत्री घालून दाराबाहेर ठेवलेला मिळाला. जिन्यात भेटले की वाकायचे, हवेबद्दल बोलायचे. बाबा अस्वस्थ व्हायचे. "माझं काही चुकलं का गं? तू विचार ना त्यांना." मी म्हणायचे, "जपानी माणसं अशीच असतात, बाबा." हे वाक्य त्या काळात आम्ही परदेशी लोक कशाहीसाठी वापरायचो, आणि त्याच्याइतकं आळशी वाक्य नसेल. बहुधा त्यामुळेच बाबांनी नव्या वर्षात बालवाडीचं पुस्तक आणून अक्षरं गिरवायला घेतली. ओकुदा-सानशी आपल्याला स्वतः बोलता आलं पाहिजे, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. मला ते पुष्कळ नंतर कळलं.

मार्चच्या सुट्टीत आम्ही नाराला गेलो. तिथलं मोठं देऊळ बघायचं होतं आणि बागेत मोकळी फिरणारी हरणंही. बाबा जाताना गाडीत प्रत्येक स्टेशनची पाटी मोठ्याने वाचत होते, आणि बरोबर आली की माझ्याकडे बघत होते. बागेच्या तोंडाशी एक म्हातारी हरणांना घालायच्या चकत्या विकत होती. लहान मुलांना वाचता यावी अशा सोप्या अक्षरांत पाटी. बाबा तिच्यासमोर उभे राहून बोटाने वाचायला लागले. "शि. का. से. न. बे. इ. शिका सेनबेइ! रेवा, इथेही शिका! शिकायच्या चकत्या!" त्यांनी एक गड्डी घेतली आणि हरणं त्यांच्याभोवती जमली. नाराची हरणं चकतीसाठी मान लववतात, सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारी एक दोन-तीन वर्षांचं पोर आईचा कोट ओढत हरणाकडे बोट दाखवून ओरडत होतं, "शिका! शिका!"

बाबांनी त्या पोराकडे बघितलं. मग त्याच्या बोटाकडे. मग हरणाकडे. हसू त्यांच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहून गेलं.

"शिका म्हणजे हरीण?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो, बाबा."

एक हरीण त्यांच्या कोटाचं टोक चावत होतं, ते त्यांनी सोडवून घेतलं नाही. "मग ती शिट्टी?" मी सांगितलं. "मोमिजी?" तेही सांगितलं. "मैत्रिणींना दिलंस?" मी पिशवीचं, कोबीच्या पानांचं, गाठीचं, सगळं सांगितलं. सांगायला सुरुवात केल्यावर थांबता येईना. ते ओरडतील याची मी वाट बघत होते, खरंतर ओरडावं अशी मनातून भीक मागत होते. ते म्हणाले, "मी ते कपाळाला लावलं होतं, रेवा." एवढंच. मग त्यांनी उरलेल्या चकत्या दोन्ही तळव्यांवर ठेवून हात पुढे केले आणि हरणांनी त्या खाल्ल्या. हरणं मान लववत होती. बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डबा भरताना बोलली. बाबा मात्र त्याच संध्याकाळपासून बोलत होते, अभ्यासाचं, जेवणाचं. पुढच्या रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, शब्दकोश घेतला, एका कागदावर बालवाडीच्या अक्षरांत काही ओळी लिहिल्या. त्याआधी चार कागद फुकट गेले होते. मी म्हणाले, "मी येऊ?" ते म्हणाले, "नको. जमेल मला."

पाऊण तासाने वर आले.

"काय म्हणालात?" आईने विचारलं.

"माफी मागितली."

"शिट्टीची?" मी विचारलं.

"शिट्टी मी दुरुस्त केली, ते माझं मी बघेन. पुन्हा जमणार नाही, हे सांगितलं त्यांना. त्यांनी मान हलवली." बाबांनी शब्दकोश फळीवर ठेवला. "माफी मागितली पुडक्याची. ते जनावर गेलंच होतं. त्यांनी ते मानाने आपल्या घरी आणलं. आपण ते चहाच्या चोथ्यात टाकलं."

त्यानंतर ओकुदा-सान पुन्हा वर यायला लागले, दर गुरुवारी, पेटी ऐकायला. सहा ते सात. दोघं शेजारी बसायचे. बाबा मोडकंतोडकं बोलायचे, ते सावकाश उत्तर द्यायचे, अडलं की शब्दकोश. एकदा बाबांनी होल्याची गोष्टही त्यांना सांगितली, निम्मी हातांनी. ओकुदा-सान शेवटी म्हणाले, की पहिल्या हरणाच्या वेळी त्यांनाही काय करावं ते कळलं नव्हतं. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायचे. दार उघडं असायचं, आणि मला कोणी हाक मारली नाही. त्या दोघांना मी लागले नाही.

आणि सुपरमार्केट. नाराहून आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी बाबांनी टोफूचं पाकीट उचललं, उलटं केलं. सवयीने मी हात पुढे केला. "असू दे," ते म्हणाले, "मी वाचतो." खिशातून छोटी वही काढली. त्यात मासा, अंडं, हाडं, डुकराची चरबी, असे शब्द त्यांनी एकेका ओळीत काढून ठेवले होते. ते अक्षरांशी अक्षरं जुळवत राहिले, एकेका पाकिटाला पाच-पाच मिनिटं. आई मुळे निवडत होती. मी गाडीचं हँडल धरून उभी होते. ते रागावून करत नव्हते. रागावून केलं असतं तर एक दिवस राग संपला असता. परत जायच्या दिवसापर्यंत, आणखी अडीच वर्षं, त्यांनी मला एकही पाकीट वाचायला दिलं नाही.

लग्नानंतर मीच पुन्हा जपानात आले. आता इचिकावात आमचं घर आहे, माझे केस पिकले, आणि ऑफिसात लोक मला अवघड करारांच्या भाषांतरासाठी मुद्दाम बोलावतात. माझ्या कामाची ख्याती अशी आहे, की मी एक शब्दही इकडचा तिकडे करत नाही. हे ऐकलं की मला सुख होत नाही.

गेल्या शरदात बाबा महिनाभर आमच्याकडे राहायला आले होते. ऐंशी ओलांडली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू, वही कधीच हरवली. एका दुपारी चहाबरोबर खायला म्हणून मी आणलेलं पाकीट त्यांनी उचललं, उलटं केलं, खिडकीकडे धरलं, पुन्हा जवळ आणलं. अक्षरं दिसेनात. तांदळाच्या चकत्याच होत्या. ते घेताना पाठीमागचं मी दोनदा वाचलं होतं, तिसऱ्यांदा घरी आल्यावर. मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. हात पुढे करावा असं वाटलं आणि केला नाही. बाबांनी पाकीट माझ्या मुलीकडे दिलं. सई अकरा वर्षांची आहे, तिच्या मराठीत निम्मं जपानी असतं.

"वाच गं, यात मासा आहे का?"

सईने झरझर वाचलं. "नाइ यो, आजोबा. साकाना नाहीये. खाऊ शकता." मग तिला काहीतरी वाटलं आणि तिने विचारलं, "पण आईला का नाही विचारलं? ती तर समोरच आहे."

बाबा पाकीट उघडत होते. होला मेल्यापासून या माणसाने प्रत्येक जीव जपला, आणि माझ्या आठवणीत तरी बाबा खोटंही कधी बोलले नाहीत. त्यांनी एक चकती सईला दिली, एक माझ्यापुढे ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचा चष्मा नाही ना जवळ."

सईने माझ्याकडे बघितलं. चष्मा माझ्या नाकावर होता.